अण्णांचा अर्धा

या घराण्यात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नसे. त्यासाठी सँडविच होतं.

चौकातल्या त्या जुन्या हॉटेलात सहा प्रकारची सँडविचं मिळत. सातवा प्रकार सुरू करा, असं एका गिऱ्हाइकाने मालकांना सुचवलं होतं म्हणे, आणि त्यानंतर त्याला तिथे पाणीसुद्धा वेळेवर मिळालं नाही. टेबलं संगमरवरी, खुर्च्या गिऱ्हाइकाने फार वेळ बसू नये म्हणून सरळ पाठीच्या, आणि भिंतीवरच्या आरशांचा पारा असा उडालेला की त्यात माणूस असेल त्याहून आजारी दिसे. सँडविच कडा काढून, तिरकं कापून येई. दोन त्रिकोण, प्रत्येकात खोचलेली एक टूथपिक.

एक त्रिकोण आपण खायचा. दुसरा, ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या ताटलीत ठेवायचा. बस्स. सुरुवात अगदी निष्पाप होती. अण्णा आणि आत्या, दोघं भावंडं लहानपणी दोन वेगळे प्रकार मागवून अर्धा अर्धा बदलून घेत, दोन्ही चव घ्यायला मिळाव्यात म्हणून. पुढे दोघं मोठी झाली, घरात माणसं वाढली, आणि एका साध्या खादाडपणाचं रूपांतर लोकशाहीत झालं. दादाने इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा त्याच्या ताटलीत एकही अर्धा पडला नव्हता. बेबीचा घटस्फोट चर्चेला आला त्या दुपारी आत्याने आपला अर्धा जावयाला दिला. जावयाने तो खाल्ला, तोंड पुसलं आणि तो कायमचा निघून गेला. आणि फार वर्षांपूर्वी आईने शिवणाचं दुकान काढायचा विषय काढला, तेव्हा सगळे अर्धे अण्णांच्या ताटलीत गेले होते. चहा यायच्या आत आईने तो विषय मिटवला. वाद नाही, आवाज नाही. केवढं सुसंस्कृत घर, असं शेजारच्या टेबलावरची माणसंही म्हणत.

अण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली होती. त्यांच्या वाढदिवसाचं दुपारचं जेवण मात्र चुकलं नव्हतं. या वर्षी आईने फोनवर एवढंच सांगितलं होतं: "एक पाहुणे असतील."

पाहुणे कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या महिन्यात दादाने आईला आणि दातांच्या डॉक्टरांना हार्डवेअरच्या दुकानात एकत्र पाहिलं होतं. दोघं मिळून एक नळ निवडत होते. फुलं घेताना दिसले असते तर दादाने डोळेझाक केली असती. पण नळ! नळ माणूस उगाच निवडत नाही.

"आईला दुखवायचं नाही," दादा हॉटेलबाहेरच्या फुटपाथवर म्हणाला. "फक्त कळवायचं."

"म्हणजे आपण तिघांनीही आपापला अर्धा आत्यांना द्यायचा," वहिनी म्हणाली. ती मुख्याध्यापिका होती. शेवटची सूचना मागच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात पुन्हा सांगायची तिला सवय होती.

"आणि मी माझा कुणालाच देणार नाही," आत्या म्हणाली. "मी तटस्थ."

"सगळे अर्धे तुझ्याकडे येणार आत्या, तू तटस्थ कशी?" बेबीने विचारलं.

"म्हणूनच."

दादा विमा कंपनीत होता. जळालेल्या गोदामांत फिरून आग आपोआप लागली की लावली, हे तो सांगत असे. आईच्या प्रकरणात ती आपोआप लागलेली नाही, याबद्दल त्याची खात्री होती. अडुसष्टाव्या वर्षी लग्न! लोक काय म्हणतील, अण्णांना काय वाटेल, आईची तब्येत... कारणांची त्याला ददात नव्हती. आई लग्न करून गेली तर दुपारी शाळेतून येणाऱ्या आपल्या जुळ्या मुलांना कोण सांभाळणार, हेही एक कारण होतं. पण ते त्याने मनात 'अण्णांच्या आठवणी' या सदरात टाकलं होतं.

"बेबी, तुझं नक्की ना?"

"हो रे दादा."

बेबी एक्केचाळीस वर्षांची होती. इमारतींच्या लिफ्ट तपासून त्या सुरक्षित आहेत असं ती लिहून देई, आणि मग स्वतः जिन्याने खाली येई. घटस्फोटानंतर ती आईबरोबरच राहत होती.

---

आत शिरल्या शिरल्या आत्याला पहिला धक्का बसला. डॉक्टर अण्णांच्या खुर्चीवर बसले होते.

आरशासमोरची ती खुर्ची या जेवणापुरती रिकामी ठेवत. आत्या तिच्यासाठी अण्णांचं मोठेपणापासूनचं नेहमीचं अंडं-मोहरी मागवी; स्वतः तिने ते कधी चाखलं नव्हतं. एक अर्धा त्या खुर्चीसमोर तसाच राहू देई, दुसरा स्वतःच्या हाताने आईच्या ताटलीत ठेवी. अण्णा होते तेव्हा तेच ठेवत. आई तो निमूट खात असे. या प्रथेचं आत्याला फार समाधान होतं. भाऊ गेला, पण भावजय अजून त्याचा अर्धा खाते आहे, असं ती मैत्रिणींना सांगे.

"वन्सं, हे..." आईने सुरुवात केली.

"ओळखते मी. माझी दाढ यांनीच काढली."

"वरची डावीकडची!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "काय चिवट दाढ होती हो. निघता निघेना. गुडघा टेकवावा लागतोय की काय असं वाटलं मला."

आत्याच्या अख्ख्या आयुष्यात कुणी तिच्या कुठल्याही अवयवाबद्दल चारचौघांत इतक्या प्रेमाने बोललं नव्हतं. तिने पदर सारखा केला.

"ती खुर्ची जरा..." ती म्हणाली.

"पाठ सरळ आहे तिची, नाही? असू दे, असू दे. मला सवय आहे. तुम्ही बसा आरामात."

आत्याने दादाकडे पाहिलं, दादाने वहिनीकडे, वहिनीने मेनूच्या फलकाकडे. कुणीतरी एक वाक्य बोललं असतं तर डॉक्टर उठून दुसरीकडे बसले असते. ते वाक्य बोलायला त्या टेबलावर भरपूर शिकलेली माणसं होती. पण समजावून सांगणं म्हणजे मागणं, आणि मागणं या घराण्याला कमीपणाचं वाटे. सगळे बसले.

वेटर आला. त्याने वही काढली नाही. या टेबलाला त्याने कधी काढली नव्हती.

"चिकन, चीज, बटाटा, काकडी, आत्याबाईंना टोमॅटो," तो स्वतःच म्हणाला.

"आणि नेहमीचं एक," आत्या खुर्चीकडे नजर टाकत गंभीरपणे म्हणाली.

"मलाही नेहमीचंच चालेल," डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले. "इथे नेहमीचं जे काय असेल ते."

वेटरने खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं, आणि मान हलवली. एका खुर्चीला दोन ताटल्या त्याने आजवर आणल्या नव्हत्या. आजही आणणार नव्हता.

---

सँडविच येईपर्यंत बोलायचं काहीतरी हवं. वहिनीने ती जबाबदारी घेतली. नव्या पालकांची मुलाखत घेतात तशी ती पुढे झुकली.

"आपला दवाखाना कुठे म्हणालात?"

"मी म्हणालो नाही अजून. शाळेच्या मागच्या गल्लीत. खाली दवाखाना, वर घर."

"कुठली शाळा?"

डॉक्टरांनी सांगितली. जुळी त्याच शाळेत होती. वहिनीने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मागच्या फाटकाच्या बाजूला?"

"फाटकासमोरच. सुटीची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते."

"आणि दुपारी आपण...?"

"दुपारी दवाखाना बंद. दुपारी कुणाचा दात काढू नये, माणूस जेवलेला असतो, हात चावतो." ते आईकडे वळून हसले. "दुपारी आम्ही पत्ते खेळणार आहोत, असं ठरलंय."

"मुलांना पत्ते येतात," वहिनी म्हणाली.

दादाने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय बाजूला घेतला. सध्या आई बसने यायची, उशीर व्हायचा, आणि मुलं वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहायची. आता फाटक ओलांडलं की आजी. मधे मोठा रस्तासुद्धा नाही! वहिनीने आयुष्यात अनेक वेळापत्रकं बसवली होती, पण इतकं चोख कधीच बसलं नव्हतं. शिवाय दात फुकट.

"शेवटी माणसाला सोबत लागतेच," ती भरल्या आवाजात म्हणाली.

"कुणाला?" दादाने विचारलं.

"तू गप रे. सगळ्यांनाच लागते."

"आत्ता बाहेर फुटपाथवर तू..."

"फुटपाथवर माणूस घाईत असतो," वहिनी म्हणाली.

---

ताटल्या आल्या. चिकन दादापुढे, चीज वहिनीपुढे, बटाटा बेबीपुढे, काकडी आईपुढे, टोमॅटो आत्यापुढे. आणि अंडं-मोहरी डॉक्टरांपुढे.

आत्या सहाव्या ताटलीनंतर सातव्या ताटलीची वाट बघत राहिली. वेटर पाठ फिरवून गेला.

डॉक्टरांनी दोन्ही टूथपिक अलगद उपटल्या आणि ताटलीच्या कडेला नीट शेजारी शेजारी ठेवल्या. "या कधी दातात घालू नका," ते सगळ्यांना म्हणाले, आणि त्यांनी अण्णांचा पहिला अर्धा उचलला.

प्रत्येकाने आपापला पहिला अर्धा खाल्ला. दादाला चिकनची चव लागत नव्हती, कारण तो डॉक्टरांचे घास मोजत होता. आत्याने मनाशी एक तोड काढली. माणूस परका आहे, चूक वेटरची आहे. एक अर्धा गेला तर गेला. दुसरा तो आता भावजयीला देईलच. बसलाय कुणाच्या खुर्चीत! निदान खुर्चीची तरी काही लाज...

डॉक्टरांनी दुसरा अर्धा उचलला. सगळ्यांचे हात थांबले. त्यांनी तो फिरवून पाहिला, कुठून सुरुवात करावी याचा विचार केला, आणि कोपरा तोडला.

"अहो!" आत्या म्हणाली.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले. तोंडात घास असल्याने ते 'ताय दालं' असं काहीतरी बाहेर आलं.

"काही नाही," दादा म्हणाला.

"काही नाही कसं? तो अण्णाचा आहे!"

डॉक्टरांनी घास गिळला. हातातल्या त्रिकोणाकडे बघितलं. "कोण अण्णा?" असं विचारून ते थांबले, आणि त्यांना उत्तर सुचलं. ते आईकडे वळले. "म्हणजे तुमचे...?"

"हो," आई म्हणाली.

"पण ते तर..."

"हो."

"त्यांच्यासाठी मागवलं होतं?"

"दर वर्षी मागवतो," आत्या म्हणाली. "एक अर्धा त्याच्यापुढे राहतो. एक हिला. ही खाते. हे अण्णाचं... तुम्ही गिळलंत!"

"चावून खाल्लं," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "मला खरंच कल्पना नव्हती. माफ करा. दुसरं मागवू या का?"

"दुसरं मागवून काय होणार? ही काय पेन्सिल आहे, हरवली म्हणून दुसरी आणायला?"

"आणि असंही," दादा आता शांतपणे बोलू लागला. गोदाम जळाल्यावर मालकाशी तो याच आवाजात बोले. "आमच्याकडे आपण दोन्ही अर्धे खात नाही. एक आपण खातो. एक देतो."

"कुणाला?"

"ज्याचं पटतं त्याला."

"काय पटतं?"

दादाने टेबलाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही प्रथा कुणाला समजावून सांगायची वेळ आली नव्हती, आणि सांगताना ती कशी ऐकू येते हे कुणी ऐकलं नव्हतं. "म्हणजे समजा, काही निर्णय असेल... तर ज्याच्या ताटलीत जास्त अर्धे..."

"आज काय निर्णय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

यावर मात्र चिकनपासून टोमॅटोपर्यंत सगळ्या ताटल्या एकदम गप्प झाल्या.

"बरं," डॉक्टर हातातला उष्टा झालेला त्रिकोण संपवून म्हणाले. त्यांना खरोखरच कुतूहल वाटत होतं. "पण एक सांगा. तुम्ही जे मागवता, ते तुम्हाला पूर्ण खावंसं वाटत नाही का?"

---

बेबी हसली. तिला हसायचं नव्हतं. ते लिफ्ट मधेच थांबल्यावर लोक हसतात तसलं हसू होतं.

तिच्या ताटलीत बटाट्याचा दुसरा अर्धा होता. तिने दादाला शब्द दिला होता, आणि तो दादासाठी दिलाच नव्हता. रात्री कामावरून घरी यावं, दार उघडावं, आणि आतून "आलीस का गं" ऐकू येऊ नये, या एका भीतीपोटी तिने तो दिला होता. घटस्फोटाच्या दुपारी सगळ्यांचे अर्धे इकडेतिकडे गेले होते, आणि फक्त आईने आपली काकडी गुपचूप तिच्या ताटलीत सरकवली होती. आज आईची पाळी होती, आणि बेबी आत्याच्या ताटलीचा अंदाज घेत होती. छान.

"तोंड वर करून हसतेस काय?" आत्या कडाडली. "दे तो अर्धा इकडे."

"थांब ना आत्या."

तेवढ्यात दादाने ठरल्याप्रमाणे आपलं चिकन आत्याच्या ताटलीत ठेवलं. ठेवलं कसलं, शिक्का मारावा तसं आपटलं. मग त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने चीजचा अर्धा टूथपिकसकट उचलला, टेबलावरून लांब हात केला आणि आईच्या ताटलीत अलगद ठेवला.

"अगं!" दादा म्हणाला.

"माझं मत आहे."

"तुझं मत फाटकासमोर आहे!"

"मुलं तुझीही आहेत. की ती वॉचमनच्या खुर्चीवरच मोठी व्हायची आहेत?"

"मुलांचा इथे काय संबंध? इथे अण्णांच्या..." दादा थांबला. डॉक्टरांच्या मिशीला अण्णांची मोहरी लागली होती. त्या दृश्यापुढे पुढचं वाक्य टिकणं अवघड होतं.

"म्हणजे एक तिकडे, एक इकडे," आत्या बेबीकडे वळली. "बेबी, तुझ्यावर आहे आता. बापाला काय वाटेल याचा विचार कर आणि दे."

सगळे बेबीकडे बघू लागले. डॉक्टरसुद्धा. फक्त आई बघत नव्हती.

---

आई आपल्या ताटलीकडे बघत होती. काकडी. लोणी, पातळ काकडी, चिमूटभर मीठ. लग्न होऊन या टेबलावर पहिल्यांदा बसली तेव्हापासून तिने दुसरं काही मागवलं नव्हतं, आणि ते पूर्ण कधीच खाल्लं नव्हतं. अर्धी काकडी, अर्धं अंडं-मोहरी. अण्णा स्वतःच्या हाताने ठेवायचे, मोठ्या मायेने, आणि ती खात असताना बघायचे. मोहरीने तिचं नाक झोंबायचं, डोळ्यांत पाणी यायचं. अण्णांना वाटे, भरून आलं. ते गेल्यावर वन्संनाही तसंच वाटे.

डॉक्टरांना हे सगळं आधी सांगायला हवं होतं. आठवडाभर ती रोज ठरवत होती. खुर्चीचं सांगू, अर्ध्यांचं सांगू, आत्याबाईंना आधी नमस्कार करा म्हणून सांगू. सांगितलं नाही. विसरली नव्हती. तिला एकदा बघायचं होतं, आपलं सँडविच अख्खं खाणारा माणूस कसा दिसतो. अगदी साधा दिसत होता. जेवलेला दिसत होता.

तिने वहिनीचा चीजचा अर्धा उचलला आणि परत वहिनीच्या ताटलीत ठेवला.

"आई, अहो, तो मी तुमच्या बाजूने..."

"कळलं गं. तुझा तू खा. दुपारी मुलांना पाठव, पण पत्ते फाडू नका म्हणावं."

मग तिने काकडीचा दुसरा अर्धा हातात घेतला. तो कुणाकडे जातो हे बघायला सगळे पुढे झुकले. दादा, आत्या, वहिनी, बेबी. तो कुणाकडे गेला नाही. तो आईच्या तोंडाकडे गेला.

"आई!" दादा म्हणाला. "मग आम्ही काय समजायचं?"

आईने हात वर केला. थांब, घास आहे. आणि ती चावू लागली.

आईचा घास संपेपर्यंत थांबायची वेळ त्या टेबलावर आजवर कुणावर आली नव्हती. आई मधेच गिळून उत्तर देई, अशीच रीत होती. आता थांबल्याशिवाय इलाज नव्हता. ती सावकाश चावत होती. दादा पाणी प्यायला. आत्याने पुढ्यातलं चिकन पाहिलं. चिकन तिला चालत नव्हतं, ते दादा विसरला होता.

"काकडी कोवळी आहे आज," आई शेवटी म्हणाली. तिने टूथपिक ताटलीच्या कडेला नीट ठेवली. "पुढच्या शुक्रवारी सकाळी. नोंदणी कचेरीत. बेबी, तू साक्षीदार. रजा टाक."

"मी?" बेबी म्हणाली.

"नाहीतर कोण? आणि आमचा जिना अरुंद आहे, तेव्हा तुझा पलंग आधी मोजून घे. मागच्या खोलीत मावला पाहिजे. तिथला नळ गळत होता, तो आम्ही बदलला."

बेबीने आपल्या ताटलीतला बटाट्याचा अर्धा उचलला. आत्याने सवयीने ताटली पुढे केली. बेबीने तो स्वतःच्या तोंडात घातला आणि रडायला लागली. भरल्या तोंडाने रडणं दिसायला वाईट असतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आणि अण्णा?" आत्या हळूच म्हणाली. "पुढच्या वर्षी अण्णाचं काय? त्याचा अर्धा कोण खाणार?"

आई तिच्याकडे वळली. या प्रश्नाची तिला कीव आली, आणि थोडं प्रेमही वाटलं. "तुम्ही खा ना वन्सं. भाऊ तुमचा होता."

डॉक्टरांच्या ताटलीत एका कोपऱ्यात अंड्याचा थोडा चुरा आणि मोहरीचा ठिपका उरला होता. आत्याने इकडेतिकडे पाहिलं, बोटाच्या टोकावर तो टिपला आणि जिभेला लावला. तिचे डोळे एकदम भरून आले. तिने नाक दाबून धरलं.

"अगं बाई," ती गुदमरत म्हणाली, "हे असं लागतं?"

"असंच लागतं," आई म्हणाली, आणि तिने पाण्याचा पेला आत्याकडे सरकवला.